दोन पंख आणि मधले टेकू

काटोल हे नाव आमच्या बहुतेक वाचकांना संत्र्यांमुळे ठाऊक असेल. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे तालुक्याचे गाव. भाद्रपदात येथील बागांतून फेरफटका मारला, तर एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. आंबिया बहाराची फळे वजनाला आलेली असतात, फांद्या जमिनीकडे झुकलेल्या असतात, आणि त्या मोडू नयेत म्हणून झाडाझाडाखाली बांबूचे टेकू दिलेले असतात. दुरून पाहणाऱ्यास बाग नव्हे, एखादे बांधकाम चालू असल्याचा भास व्हावा. गेली काही वर्षे धर्मगुरू या नात्याने आमचे वास्तव्य या गावी आहे. हे टेकू आम्ही दर वर्षी पाहत आलो. परंतु त्यांकडे पाहून विमान आठवावे, असे कारण मात्र दोन वर्षांपूर्वीपर्यंत घडले नव्हते.

आमच्या निवासाशेजारी एका बागाईतदाराचे घर आहे. माणूस कष्टाळू, अबोल. त्यांचा थोरला मुलगा बारावी होऊन घरी बसला होता. एका संध्याकाळी तो मुलगा आमच्याकडे आला आणि त्याने एक छापील चित्र टेबलावर ठेवले. चित्रात एक इवलेसे, चकचकीत विमान होते. मात्र त्याला पंखांच्या दोन जोड्या होत्या, एकीवर एक.

"फादर," तो म्हणाला, "हे शर्यतीचं विमान आहे. अमेरिकेत लोकं घरी बांधतात. एका पंखाचं विमान जास्त पळते हे तं सगळ्यांलेच माहीत आहे. मंग शर्यतीसाठी दोन पंखांचं कायले बांधत असतील?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. आमचे शिक्षण नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत झाले. त्या सेमिनरीवरूनच त्या टेकडीस आणि पुढे त्या साऱ्या वस्तीस सेमिनरी हिल्स हे नाव पडले. तत्त्वज्ञानाच्या तासाला खिडकीतून सोनेगावच्या विमानतळाकडे उतरणारी विमाने दिसत आणि लक्ष विचलित झाल्याबद्दल आम्ही बोलणीही खाल्ली आहेत. परंतु विमानविद्येशी आमचा संबंध तेवढाच. स्कूटरचा प्लग काढून पुसण्यापलीकडे आमचे यंत्रज्ञान कधी गेले नाही. "शोधून सांगतो," असे म्हणून आम्ही मुलाची बोळवण केली.

त्याच आठवड्यात त्याचे वडील आले. बराच वेळ पायरीवर बसून राहिले आणि मग म्हणाले, "फादर, पोट्टं येडं झालं हो. याले विमानाच्या दुरुस्तीचं शिकाचं आहे. फी ऐकली तं मले रात्री झोप नाही. दोन एकर गहाण टाकावं लागते. औंदा फळगळ किती झाली, तुम्ही पाहून राह्यले. तुमचं ऐकते तो. जरा समजावून सांगा."

समजावून सांगा, या शब्दांनी आमच्या मनात एक जुनी सल जागी झाली. पंधराएक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, असाच एक बाप आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आला होता. त्या मुलाला वैमानिक व्हायचे होते. आम्ही त्याला शांतपणे, प्रेमाने, मोठ्या शहाणपणाने समजाविले आणि त्याने ते ऐकले. आज तो एक लहानसे किराणा दुकान चालवितो. नाताळात न चुकता भेटायला येतो. त्याने आम्हांला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. म्हणून या खेपेस आम्ही ठरविले, की आधी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आणि मगच बापाच्या विनंतीचा विचार करायचा. पुढील काही महिने आम्ही जे वाचले, विचारले आणि आमच्या कुवतीप्रमाणे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ विमानापासून नव्हे, पुलापासून होतो. ऑक्टाव्ह शान्यूट हे अमेरिकेतील रेल्वेपूल बांधणारे नामांकित अभियंता. उतारवयात त्यांना उड्डाणाचा छंद जडला आणि १८९६ साली त्यांनी दोन पंख एकावर एक बसविलेला एक ग्लायडर, म्हणजे इंजिनाविना तरंगणारा सांगाडा, तयार करविला. दोन पंखांच्या मध्ये त्यांनी उभे खांब दिले आणि खांबांच्या मधील चौकटींत कर्णाप्रमाणे तिरप्या तारा ताणल्या. रेल्वेच्या लोखंडी पुलाकडे नीट पाहिले, तर हीच रचना दिसते: वर एक तुळई, खाली एक तुळई, मध्ये उभे खांब आणि तिरपे बंध. लाकूड व कापड यांचा एकटा पंख त्या काळी वाऱ्याच्या दाबाने मोडून पडे. दोन दुबळे पंख परस्परांस बांधले, की त्यांचा एक बळकट पूल होई. १९०३ साली राइट बंधूंचे जे विमान प्रथम उडाले, ते याच बांधणीचे होते.

या तारांचे दोन प्रकार असतात. विमान हवेत असताना पंख वर उचलले जातात. तेव्हा विमानाच्या पोटापासून वरच्या पंखाकडे गेलेल्या तारा त्यांना खाली ओढून धरतात. विमान जमिनीवर असताना पंख स्वतःच्या भाराने खाली झुकू पाहतात. तेव्हा वरच्या बाजूने खालच्या पंखाकडे आलेल्या तारा त्यांना सावरतात. म्हणजे उडताना एक जोडी राबते आणि टेकल्यावर दुसरी. एक ताणलेली असते, तेव्हा दुसरीवरचा भार हलका झालेला असतो.

परंतु या बळाची किंमत मोजावी लागते. धावत्या एस. टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढला, तर वारा तो मागे लोटतो, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. विमानालाही हवा अशीच मागे लोटते. वेग दुप्पट केला, तर हा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी इंजिनाची शक्ती आठपट लागते. त्यात गोल तार ही फार फसवी. दिसायला बारीक, परंतु माशाच्या आकाराचा, तिच्याहून अनेक पट जाड असा दांडा जेवढा रोध करील, तेवढा ती एकटी करते. शिवाय दोन पंख फार जवळ आले, की एकमेकांची हवा बिघडवितात. वरच्या पंखाच्या पोटाखाली दाब वाढावयास हवा आणि खालच्याच्या पाठीवर तो कमी व्हावयास हवा. दोघे अगदी लगत असतील, तर एकाचे काम दुसरा पुसून टाकतो. अंतर फार वाढविले, तर मधले खांब लांब आणि कमकुवत होतात. म्हणून दोहोंमध्ये साधारणपणे पंखाच्या रुंदीइतके अंतर राखावे, असा जुन्या कारागिरांचा आडाखा असे. पुष्कळदा वरचा पंख खालच्याहून थोडा पुढे सरकविलेलाही असतो.

इतके दोष असूनही प्रारंभीच्या शर्यती या विमानांनी गाजविल्या. समुद्रावरून उडणाऱ्या विमानांसाठी श्नायडर चषकाची स्पर्धा होती. १९१४ साली मोनॅको येथे ती सॉपविथ टॅब्लॉइड या छोट्या द्विपंखी विमानाने जिंकली. १९२५ साली बाल्टिमोर येथे जिमी डूलिटल यांनी कर्टिस आर-३सी-२ हे द्विपंखी विमान ताशी २३२ मैल, म्हणजे सुमारे ३७४ किलोमीटर, या सरासरीने पळवून तोच चषक मिळविला. त्या विमानाच्या कारागिरांनी रोध कमी करण्यासाठी केवढी खटपट करावी! इंजिनाचे पाणी थंड करणारा रेडिएटर मोटारीप्रमाणे तोंडाशी बसविला, तर वारा अडतो. म्हणून त्यांनी पंखांची पातळ कातडीच रेडिएटर म्हणून वापरली. परंतु श्नायडर चषक द्विपंखी विमानाच्या वाट्यास आला, तो तेव्हा शेवटचाच. पुढच्याच वर्षी इटलीच्या एकपंखी विमानाने तो नेला आणि नंतर कोणी मागे वळून पाहिले नाही.

तरीही एका कारागिराने हट्ट सोडला नाही. शिकागोचे मॅटी लेअर्ड हे एकेका वैमानिकासाठी जणू शिंप्याप्रमाणे माप घेऊन विमान बांधीत. १९३० साली शिकागो येथील थॉम्प्सन चषकासाठी त्यांनी 'सोल्यूशन' नावाचे द्विपंखी विमान घाईघाईने बांधले. शर्यतीची वेळ जवळ येईतो त्याचे काम चालू होते. पुरेशी चाचणी घेण्यासही उसंत मिळाली नाही. चार्ल्स होल्मन यांनी ते तसेच उडविले आणि ताशी २०१ मैलांच्या सरासरीने शर्यत जिंकली. त्या चषकाच्या साऱ्या इतिहासात तो जिंकणारे द्विपंखी विमान हे एकच. दुसऱ्या वर्षी लेअर्ड यांच्याच 'सुपर सोल्यूशन'मध्ये बसून डूलिटल यांनी कॅलिफोर्नियातील बरबँक ते क्लीव्हलंड ही पहिली बेंडिक्स शर्यत जिंकली. १९३६ साली याच बेंडिक्स शर्यतीत लुईस थेडन आणि ब्लांश नॉईज या दोन स्त्रिया बीचक्राफ्टच्या द्विपंखी विमानातून न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला १४ तास ५५ मिनिटांत पोहोचल्या आणि पहिल्या आल्या. त्या विमानाचा खालचा पंख वरच्याहून पुढे होता, म्हणजे रूढ मांडणीच्या नेमका उलट. आमच्या माताभगिनींनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी.

इतके वाचून झाल्यावर आम्ही मुलाला बोलावून सांगितले. तो सगळे ऐकून म्हणाला, "पण फादर, हे तं जुनं झालं. आता कायले बांधतात, ते सांगा ना!" तरुण पिढी आम्हांला अर्ध्या उत्तरावर सोडीत नाही.

आताचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू होते. फ्लॉरिडाचे कर्टिस पिट्स यांनी १९४० च्या दशकात एक चिमुकले द्विपंखी विमान उडविले. त्याचा पंखविस्तार जेमतेम सतरा फूट. म्हणजे आमच्या सभागृहातही ते मावले असते. तसल्याच एका विमानातून बेटी स्केल्टन या तरुणीने १९४९ व १९५० साली हवाई कसरतींचे महिला विजेतेपद पटकाविले. पुढे १९६० च्या दशकात पिट्स यांनी विमानाचे नकाशे विकावयास काढले आणि अनेक हौशी माणसे पोलादी नळ्या, लाकूड व कापड आणून आपापल्या गॅरेजमध्ये विमान बांधू लागली. या माणसांत बँकेत बसणारे होते, शेती करणारे होते, यंत्रशाळेत काम करणारे होते. त्यांना एकत्र आणणारी संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ सालीच मिल्वॉकी येथे स्थापन केली होती.

१९६४ साली नेवाडा प्रांतातील रेनो येथे राष्ट्रीय विमानशर्यती सुरू झाल्या आणि पहिल्याच वर्षी द्विपंखी विमानांना त्यांत स्वतंत्र गट मिळाला. वाळवंटात उंच खांब रोवलेले. त्यांना वळसे घालीत जमिनीलगत उडायचे. गटाची अट अशी, की इंजिनाचा आकार ठरावीक मर्यादेत असावा आणि चाके पोटात घेता येऊ नयेत. मुलाच्या प्रश्नाचे मर्म आम्हांला येथे सापडले. ही माणसे जगातील सर्वांत वेगवान विमान बांधीतच नाहीत. ती स्वतःहून एक मर्यादा पत्करतात: इंजिन एवढेच, पंख दोनच, आणि मग त्या मर्यादेत राहून किती पुढे जाता येते, ते आजमावतात. भुईफोड संपत्तीला येथे फारसा वाव नाही. वाव आहे तो विचाराला आणि हाताच्या कारागिरीला.

मग कोणी पंखाचे छेद पातळ केले, कोणी चाकांवर टोप्या चढविल्या, कोणी इंजिनाचे आवरण इतके घट्ट केले, की थंड हवा आत जाण्यास दोन लहान भोके तेवढी उरली. कोणी रात्र रात्र जागून पृष्ठभाग घासला. ली महोनी यांनी बांधलेल्या 'सॉर्सरेस' या विमानाने १९७० च्या दशकात या गटात ताशी २०० मैलांची वेस ओलांडली. बर्ट रुटान या प्रतिभावंत रचनाकाराने डॅन मॉर्टेन्सन यांच्यासाठी आखलेल्या विमानात तर खांबही नव्हते आणि ताराही नव्हत्या. फेस आणि काचतंतू यांचे ते गुळगुळीत पंख आपल्याच बळावर उभे होते. पुढे टॉम एबर्ली यांच्या 'फॅन्टम'ने ताशी २५० मैलांचा वेग मागे टाकला. हे विमान मूळचे राल्फ माँग यांनी आखलेल्या साध्या, हौशी लोकांसाठीच्या नमुन्यावर बेतलेले. त्याच्या प्रोपेलरचा आकारही नेहमीहून वेगळा, टोकाकडे निमुळता होत गेलेला. मुलाजवळच्या चित्रात हेच विमान होते.

येथे एक गोष्ट लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. बापाची भीती निराधार नव्हती. मॉर्टेन्सन यांचे ते देखणे विमान १९८३ साली रेनो येथे दुसऱ्या विमानाने ढवळलेल्या हवेत सापडून कोसळले. ते स्वतः वाचले. २०११ साली त्याच मैदानावर एक मोठे शर्यतीचे विमान प्रेक्षकांजवळ आदळले आणि वैमानिकासह अकरा जण प्राणास मुकले. २०२३ च्या सप्टेंबरात तेथील शर्यतींचा शेवटचा मेळा भरला. त्याच्या अखेरच्या दिवशी उतरताना दोन विमाने एकमेकांवर आदळून दोन्ही वैमानिक गेले. वेगाच्या वेदीवर किती द्यायचे, हा प्रश्न त्या लोकांनाही सुटलेला नाही. मुलाला आम्ही हेही सांगितले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, म्हणूनच तं दुरुस्ती शिकाची आहे." त्या उत्तराला आमच्याजवळ प्रत्युत्तर नव्हते.

वाचक म्हणतील, हे सारे सातासमुद्रापलीकडचे झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडे घरगुती द्विपंखी विमानांची शर्यत नाही. परंतु द्विपंखी विमानांतून झालेली एक विलक्षण शर्यत आहे आणि तिच्यातील एक स्पर्धक मुंबईच्या जुहू येथे उड्डाण शिकलेला होता. जे. आर. डी. टाटा यांना १९२९ च्या फेब्रुवारीत वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला. त्याच सुमारास आगाखान यांनी जाहीर केले, की भारत व इंग्लंड यांमधील अंतर ठरावीक मुदतीत एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे पारितोषिक मिळेल. १९३० च्या मे महिन्यात जे. आर. डी. कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा पोरगा उलट दिशेने, इंग्लंडहून, निघाला होता. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ: लाकडी सांगाडा, त्यावर ताणून लेप दिलेले कापड, दोन पंख, मध्ये खांब व तारा, चार सिलिंडरांचे लहानसे इंजिन आणि उघडी बैठक. जेफ्री डी हॅविलंड यांनी हे विमान सामान्य हौशी माणसासाठी आखले होते. त्याचे पंख मागे घडी करून ते गॅरेजमध्ये ठेवता येई. इंग्लंडच्या किंग्ज कप शर्यतीतही १९२८ साली जिप्सी मॉथच पहिले आले होते.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पीचे इंजिन नीट चालत नव्हते आणि त्याच्याजवळ चांगले स्पार्क प्लग उरले नव्हते. जे. आर. डीं.जवळ जादा प्लग होते. ते त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अ‍ॅस्पीने उपकाराची फेड म्हणून स्वतःचे जीवरक्षक जाकीट त्यांना घ्यावयास लावले. कारण पुढे समुद्र ओलांडायचा होता तो जे. आर. डीं.ना. मग दोघे विरुद्ध दिशांना उडाले. अ‍ॅस्पी आधी पोहोचला आणि पारितोषिक त्याला मिळाले. पुढे तो हवाई दलात गेला आणि १९६० ते १९६४ या काळात भारताचा हवाई दलप्रमुख होता. जे. आर. डीं.नी १९३२ साली कराचीहून मुंबईस टपाल आणून भारतीय विमानवाहतुकीचा पाया घातला. ज्याने प्लग दिले, तो शर्यत हरला. परंतु नव्वदांहून अधिक वर्षे उलटल्यावरही आपण त्या शर्यतीची आठवण काढतो, ती पाचशे पौंडांसाठी नव्हे. स्कूटरचा प्लग पुसणाऱ्या आमच्यासारख्याला तर ही गोष्ट विशेष भावली.

घरी विमान बांधण्याचे म्हणाल, तर तेही आपल्याकडे घडले आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील 'मेक इन इंडिया' सप्ताहात मांडले गेले आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. ते द्विपंखी नाही आणि शर्यतीचेही नाही. परंतु त्यामागील जिद्द त्याच जातीची. आणि काटोलच्या मुलाला तर मुंबईपर्यंतही जावयास नको. नागपूरला मिहानमध्ये २०१५ पासून मोठ्या विमानांच्या देखभालीचा कारखाना आहे.

हे सारे आम्ही बापालाही सांगितले. त्यांनी मान हलविली. पण चेहरा उजळला नाही. बापलेकांत त्या दिवसांत बोलणे जवळजवळ बंद होते. मुलगा मागच्या ओसरीत बांबूच्या कामट्या, थर्माकोल आणि एक लहान विजेची मोटर घेऊन द्विपंखी विमानाची प्रतिकृती बांधीत असे. बाप समोरून बागेत जात, समोरून परत येत. पण ओसरीकडे पाहत नसत.

माघात हरभरा निघाल्यावर शेजारचे वावर मोकळे झाले. एका सकाळी मुलगा विमान घेऊन तेथे गेला. आम्हीही गेलो. बाप धुऱ्यावर उभे होते. आले होते हेच पुष्कळ. मुलाने वाचले होते, की शर्यतवाले रोध कमी करण्यासाठी तारा काढून टाकतात. त्याने आपल्याही विमानाच्या तारा काढल्या होत्या आणि मधले खांब दोन सोडून सगळे कमी केले होते. परंतु रुटान यांचे पंख काचतंतूंचे होते आणि याचे थर्माकोलचे, हे त्याच्या ध्यानात आले नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्याही आले नाही. विमान सुरेख उठले. मुलाने हातातील यंत्राने वळण घेतले, तोच वाऱ्याची झुळूक आली. वरचा पंख मधोमध दुमडला आणि विमान ढेकळांत येऊन पडले.

मुलगा जागचा हलला नाही. धुऱ्यावरून बाप सावकाश चालत आले. त्यांनी ते मोडके विमान उचलले, उलटसुलट करून पाहिले, दुमडलेल्या पंखावरून अंगठा फिरविला. मग म्हणाले, "येचे टेकू कोणं काढले?"

"मी काढले, बाबा. वारा अडते त्यानं."

"अडू दे ना लेका. भरल्या फांदीचा टेकू काढला, तं फांदी मोडनच. कमी कराचे, पण बरोबर जागी ठेवाचे. आन् दोन फांद्यांत हातभर जागा पाहिजे; हे तं पार चिकटून राह्यले."

ऑक्टाव्ह शान्यूट यांचे नाव त्या गृहस्थांनी कधी ऐकले नव्हते. खांब, तारा आणि दोन पंखांतील अंतर यांविषयी आम्ही महिनोन्‌महिने जे वाचले होते, ते त्यांच्या हातांना तीस वर्षांपासून ठाऊक होते. त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि तेथेच ढेकळांवर उकिडवे बसून कामट्या बांधावयास घेतल्या. मुलगा शेजारी बसला. दोघांची डोकी फार जवळ आली नव्हती, फार दूरही नव्हती. आम्ही काही न बोलता घरी परतलो. समजाविण्याचे काम आमच्यावाचून पार पडत होते.

चारएक दिवसांनी बाप पुन्हा आमच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "फादर, दोन एकर नाही टाकत. एकच टाकतो गहाण. बाकीच्या फीसाठी तो सुटीत नागपूरले काम करतो म्हणते. बँकेत साहेब इंग्रजीत बोलते, मले समजत नाही. तुम्ही संगं येता का?"

आम्ही चप्पल पायांत सरकविली आणि त्यांच्याबरोबर निघालो.